कॉन्स्टन्स तुस्कानो, सोलो

घरात जितीजागती मुलगी असून कारमेलिनला आठवडाभर भिंतीशी बोलावं लागत होतं, आणि तिच्या मते ह्या प्रकाराला एकच नाव होतं: माज. मीठ हवं असलं की कॉन्स्टन्स बोट दाखवायची. चहा नको असला की कपावर हात ठेवायची. आईने काही विचारलं तर मान हलवायची, आणि प्रश्न मान हलवण्यापलीकडचा असला तर फोनवर चार शब्द लिहून आईच्या नाकासमोर धरायची. चष्मा नसताना आई ते कसं वाचणार, ह्याचा विचार तिने करायचा नव्हता. गळ्याला मफलर गुंडाळून ती हीटरसमोर बसायची आणि कोमट पाण्याचे घोट घ्यायची. जणू बाळंतीण.

कारमेलिनने मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीच्या मुलीला, फोन लावला.

"वेंडी, तुझी बहीण मुकी झालीय."

"ममी, इट्स व्हॉइस रेस्ट. संडेला शो आहे ना तिचा? सगळे सिंगर्स करतात."

"सगळे सिंगर्स? तुम्ही तिघी लग्नात जेवता जेवता भांडायच्या, एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या आणि उठून गायच्या. तेव्हा कुणाचा आवाज गेला नाही तो!"

"तेव्हा आम्ही तरुण होतो, ममी."

"आणि तिघी होतात," कारमेलिन म्हणाली आणि तिने फोन ठेवला. खरं दुखणं ते होतं.

तिघी म्हणजे कॅसँड्रा, वेंडी आणि कॉन्स्टन्स. कारमेलिनच्या पोरी, वसईच्या. बाप बस्त्याव लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. आई चर्चच्या कॉयरमध्ये गायची. कारमेलिनची शाळा तिसरीत सुटली आणि कागदावरचे सूर तिला आजतागायत मुंग्यांसारखे दिसतात. पण कुणाच्या गळ्यात काय आहे ते तिला एका ओळीत कळायचं. पोरी परकरातल्या होत्या तेव्हाच तिने आवाज वाटून टाकले. थोरल्या कॅसँड्राला पहिला, म्हणजे गाण्याची मूळ चाल. मधल्या वेंडीला वरचा. धाकट्या कॉन्स्टन्सला सेकंड, म्हणजे चालीच्या खालून तिच्या बरोबरीने चालणारा आवाज. कॉयरमध्ये गायलेल्या कुणालाही विचारा, सेकंड धरणं सगळ्यांत अवघड. कान सारखा चालीकडे ओढ घेतो. कॉन्स्टन्सही लहानपणी घसरायची, कॅसँड्राचा पहिला पकडायची. मग कारमेलिन तिला एका कानात बोट घालायला लावायची, आणि तरी घसरली तर दंडाला चिमटा. एका पावसाळ्यात पोरीचा सेकंड असा पक्का बसला की देऊळ पडलं असतं तरी हलला नसता.

आणि मग काय नाव झालं! डिस्कोचे दिवस होते. वसईपासून वांद्र्यापर्यंत कुठल्याही कॅथलिक लग्नात तुस्कानो गर्ल्स नसल्या तर लोक विचारायचे, काय हो, पोरीकडच्यांची परिस्थिती नाही का? सोल म्हणा, डिस्को म्हणा, तिघी चमचमते झगे घालून एकाच वेळी एकच हात वर करायच्या आणि म्हातारे पाद्रीसुद्धा खुर्चीत पाय हलवायचे. पुढे सगळं कुटुंब सिडनीला आलं, बस्त्याव इथल्या मातीत गेला, पोरींची लग्नं झाली, पण तुस्कानो गर्ल्स चालूच राहिल्या. कमरा रुंदावल्या, झगे उसवून वाढवले, इतकंच. वेंडी विमानाने यायची, कॅसँड्रा ब्रिस्बेनहून यायची. साठी जवळ आली तरी त्या गर्ल्सच.

मग गेल्या वर्षीच्या ईस्टरला कॅसँड्राचा फोन आला. ती तिकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला कुठल्याशा प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये जाऊन बिलिव्हर झाली होती. चर्च सोडलं, कपाळाला बोट लावून क्रूस करणं सोडलं, आणि आता गाणंही. ही गाणी सैतानाची, कमरेखालची.

"ममी, द लॉर्ड टोल्ड मी टु स्टॉप," ती म्हणाली.

"लॉर्डला तुझा नंबर कुणी दिला?" कारमेलिनने विचारलं.

पण कॅसँड्रा हटली नाही. वेंडीने लगेच सुटकेचा निःश्वास टाकला, तिला नातवंडं सांभाळायची होती. उरली कॉन्स्टन्स. तिचा नवरा एडवर्ड खाणीच्या कामाला पर्थला गेला तो तिकडेच एकीबरोबर राहिला; मुलं आपापल्या संसाराला लागली. सिडनीत, गिरावीनच्या घरात ती आणि आई. नर्सिंग होममधली शिफ्ट करायची आणि महिन्या-दोन महिन्यांतून एका संध्याकाळी झगा घालायचा, ह्यावर ती बाई उभी होती. ती संध्याकाळ गेली आणि कॉन्स्टन्स भिंतीकडे तोंड करून निजली. शिफ्टला जायची, यायची, निजायची. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या कारमेलिनने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या आणि रोज रात्री एकेक स्वतः काढून दिली. पोरीला कळू दिलं नाही, आणि स्वतः रात्रभर दाराबाहेर श्वास ऐकत बसली हेही कळू दिलं नाही.

एके सकाळी कॉन्स्टन्स उठली, केस धुतले आणि म्हणाली, "ममी, मी एकटी गाणार."

कारमेलिनला इतकं बरं वाटलं की ती नेहमीसारखं काही बोचरं बोलायची विसरली.

---

पहिला कार्यक्रम मराठी मंडळाचा पाडवा. शाळेचा हॉल, मागे समोशांचा वास, पुढे साड्या. कॉन्स्टन्स स्टेजवर आली, ट्रॅक, म्हणजे नुसत्या वाद्यांचं रेकॉर्डिंग, सुरू झाला, आणि तिने तोंड उघडलं तशी पहिल्या रांगेत बसलेली कारमेलिन खुर्चीत पुढे सरकली.

पोरगी सेकंड गात होती.

सुरात होती. तालात होती. एक अक्षर चुकलं नाही. पण चाल कुठेच नव्हती. चाल गायला कॅसँड्रा होती ना, कॉन्स्टन्सच्या डोक्यात. तिच्या कानात थोरली बहीण मस्त गात होती आणि ही तिच्या खाली आपली जागा धरून होती. लोकांच्या कानात मात्र नुसता खालचा आवाज, वरचं छप्पर उडालेलं घर. कॉलेजात ह्याच गाण्यावर नाचलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "कुठलं गं हे?" टाळ्या पडल्या, दुसऱ्याच्या घरी भाजी बेचव झाली तरी आपण छान म्हणतो तशा.

दुसरा कार्यक्रम एका साठीच्या पार्टीत. तिथे तेवढीही सभ्यता नव्हती. यजमानांचा मुलगा मिहिर मध्येच आला, "आंटी, यू टेक रेस्ट," म्हणाला आणि त्याने डीजे चालू केला. कॉन्स्टन्स माईक हातात धरून उभीच राहिली. माईक बंद झालाय हे तिला जरा वेळाने कळलं.

"ममी, काय चुकतंय माझं?" गाडीत तिने विचारलं.

कारमेलिनने खिडकीबाहेर पाहिलं. ह्या बाईने आयुष्यात कुणाचं तोंड पाहून बोलणं गिळलं नव्हतं. विहिणीला तिच्याच अंगणात सुनावलेली बाई ती. पण त्या दिवशी म्हणाली, "त्यांना कानच नाहीत."

घरी सरावात हे कळायचंच नाही. कॉन्स्टन्स गॅरेजमध्ये त्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावून गायची. त्यात कॅसँड्राचा आवाज खणखणीत. त्याखाली हिचा सेकंड बसला की सगळं कसं गोड, भरलेलं. मग ती खुशीत बाहेर यायची, गाल लाल झालेले.

आता हा तिसरा कार्यक्रम. घराजवळच्या क्लबात रविवारी दुपारी गाणी व्हायची, आणि तिथल्या मॅनेजरने, ॲलनने, तिला एक रविवार देऊन पाहायचं कबूल केलं होतं. जमलं तर कायमचा रविवार. क्लबच्या दारावर कागद लागला: कॉन्स्टन्स तुस्कानो, सोल अँड डिस्को. नवऱ्याचं आडनाव नाही, बहिणींची नावं नाहीत. तिने त्या कागदाचा फोटो काढून नर्सिंग होममधल्या सगळ्यांना दाखवला आणि आईला म्हणाली, "ममी, आयुष्यभर मी तिघींतली एक. एकदा मला एकटीला लोकांनी ऐकलं पाहिजे. हे नाही जमलं तर बस. चर्चमध्येसुद्धा तोंड उघडणार नाही."

ती हे शांतपणे म्हणाली. शांतपणाचीच कारमेलिनला धास्ती होती. तांदळाच्या डब्यात अजून गोळ्या होत्या.

आणि त्या दिवसापासून हे मौनव्रत.

---

ट्रॅक लावायला सलिल यायचा. पुण्याचा पोरगा, कॉम्प्युटरवाला, पण कीबोर्ड बरा वाजवायचा. शनिवारी कॉन्स्टन्स शिफ्टला गेलेली असताना तो स्पीकर न्यायला आला आणि स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. कारमेलिन बोंबील तळत होती.

"आजी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"आधी बोल. मग ठरवते."

"कॉनी आंटी चाल गात नाहीत. स्टेजवर गेल्या की चालीच्या खाली उतरतात. सेकंड गातात. त्यांना स्वतःला कळतच नाहीये."

"मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे?" सलिल चाट पडला. "मग सांगितलं का नाही?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मला भीती वाटली."

"मग मला काय हौस होती?" कारमेलिनने एक बोंबील ताटलीत टाकला आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. "खा. आणि उद्या तुझ्या त्या यंत्रात चाल वाजव मोठ्याने. तिला ऐकू जाईल अशी."

"वाजवली होती, आजी. पाडव्याला त्यांच्या कानातल्या इअरफोनमध्ये वाजवली होती. चाल ऐकू आली की त्या आणखी पक्क्या खाली बसतात."

अर्थात. कुणी शिकवलं होतं तिला? चाल ऐकू आली की तिच्या खाली बसायचं, हलायचं नाही.

पोरगा गेल्यावर कारमेलिनने गॅस बंद केला, चष्मा घातला आणि जे करायचं नाही असं क्रुसावर हात ठेवून ठरवलं होतं ते केलं. कॅसँड्राला फोन केला.

"प्रेझ द लॉर्ड, ममी!"

"हो हो, त्यालाही नमस्कार सांग. कॅसी, उद्याचं विमान पकड. एकदाच तिच्या शेजारी उभी राहा. गाऊ नकोस हवं तर, नुसती उभी राहा."

"ममी, यू नो आय कान्ट. ते ठिकाणच चुकीचं आहे. दारू, जुगाराची पोकी मशिन..."

"असल्याच ठिकाणच्या पैशांवर तुझं पोरगं युनिव्हर्सिटीत शिकलं."

"मी तिच्यासाठी प्रे करीन."

"प्रे?" कारमेलिनचा आवाज फाटला. "तुझी बहीण बुडतेय गो! मी तुझ्या पाया पडते, ऐकतेस? मी, तुझी आई, पाया पडते. ये."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग कॅसँड्रा हलक्या आवाजात म्हणाली, "ममी, सगळी वर्षं लोक माझ्याकडे बघायचे. मला आता कुणी बघायला नकोय," आणि फोन बंद झाला.

कारमेलिन खुर्चीत बसून राहिली. ती कुणाच्या पाया पडली नव्हती आजवर. सासूच्याही नाही, देवळातल्या पाद्र्याच्याही नाही. पडून पाहिलं आणि उपयोग झाला नाही, ह्याचा संताप तिला जास्त होता की पोरीची काळजी जास्त, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कॉन्स्टन्स घरी आली तेव्हा म्हातारी भांडी घासत डिस्को गात होती. चाल. पहिला आवाज. ऐंशी ओलांडलेल्या बाईचा गळा, मध्येच खोकला, इंग्रजी शब्दांचा भुगा, पण चाल चोख. एकदा झालं, पुन्हा सुरू केलं. पोरीच्या कानात हातोड्याने ठोकायची असल्यासारखी. कॉन्स्टन्सने फोनवर लिहून दाखवलं, प्लीज स्टॉप. म्हातारी आणखी मोठ्याने गायली. कॉन्स्टन्सने नळ बंद केला. म्हातारीने चालू केला.

"ममी!" शेवटी कॉन्स्टन्स ओरडलीच. "काय लावलंयस?"

"चाल लावलीय. ऐक ती. म्हण माझ्याबरोबर."

"मला येते चाल!"

"येत नाही. तू सेकंड गातेस."

कॉन्स्टन्स हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"कधी?"

"पाडव्याला. पार्टीत. दोन्हीकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि तू बसून ऐकलंस?"

"मग काय स्टेजवर चढून चिमटा काढू?"

कॉन्स्टन्सने ओट्याची कड धरली. तिने चाल म्हणायला सुरुवात केली, हळूच, पहिली ओळ. बरोबर आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीला, आई समोर उभी राहून डोळे वटारून पाहत असताना, आवाज पायरीवरून पाय निसटावा तसा खाली गेला आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. ह्या वेळी तिला ऐकू आलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा निसटला. पुन्हा.

"कुणी केलं हे?" ती कुजबुजली. "कुणी कानात बोट घालायला लावलं? ह्या दंडावर निळे डाग असायचे, ममी. शाळेत टीचर विचारायची. मला एकदा तरी विचारलंस, कॉनी, तुला कुठला आवाज हवा?"

"तिघींनी पहिला गायला असता तर कुत्रं आलं नसतं ऐकायला," कारमेलिन ताठ मानेने म्हणाली. "कॅसीला सेकंड जमला नसता सात जन्मात. वेंडीला जमला नसता. ज्याला जमतं त्यालाच देतात. मी दिला, आणि तो बसला. त्यात काय चुकलं?"

"उद्या मी काय करू ते सांग!"

कारमेलिनने नळ चालू केला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

---

रविवारी दुपारी ऊन स्वच्छ होतं आणि वारा बोचरा. क्लबच्या गालिच्यावर नारिंगी-जांभळी वेलबुट्टी, शेजारच्या खोलीत पोकी मशिनची टिंगटिंग, टेबलांवर बटाट्याच्या चिप्स. बहुतेक पांढऱ्या केसांची माणसं. नर्सिंग होममधल्या चारपाच जणी एका टेबलावर कॉन्स्टन्सचं नाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन बसल्या होत्या. कारमेलिन बाजूच्या खुर्चीत बसली, हातात रोझरी, पण ओठ मिटलेले. देवाशी तिचं सध्या बोलणं नव्हतं. तो कॅसँड्राच्या फोनवर असायचा.

कॉन्स्टन्स आली. निळा झगा, पोटावर ताणलेला. चेहरा पावडरखाली राखेसारखा. सलिलने ट्रॅक सुरू केला.

पहिली ओळ तिने चालीत धरली. मानेची शीर दिसत होती, इतकी घट्ट धरली. दुसरी धरली. कारमेलिनच्या बोटांत मणी रुतला. तिसऱ्या ओळीला ती निसटली आणि कॉन्स्टन्सने ते ऐकलं, सगळ्या हॉलदेखत ऐकलं, आणि वर चढायची धडपड केली, एक सूर बेसूर लागला, आणि मग जीव वाचवायला माणूस मिळेल ते धरतो तसा तिने सेकंड धरला.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. इतक्यात मागच्या टेबलावरच्या एका जाड्या गोऱ्या म्हातारीला गाण्याची ओळख पटली आणि ती मोठ्याने चाल गायला लागली. तिच्या नवऱ्याने साथ दिली. मग शेजारचं टेबल. गाण्यात भोक पडलं होतं ते माणसांना बघवेना, भराभर भरून काढायला लागली. ध्रुवपदापर्यंत सगळा हॉल चाल गात होता, बेसूर, आनंदात, चिप्सच्या वाट्या वाजवत, आणि त्याखाली कॉन्स्टन्सचा सेकंड गादीसारखा पसरलेला. असं छान वाजलं की सलिलने हसून कारमेलिनकडे अंगठा दाखवला.

गाणं संपलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. तीनचार गाणी तशीच गेली. मग मांसाच्या ट्रेची लॉटरी काढायला थांबले, रविवारची इथली रीत, आणि ॲलन लगबगीने स्टेजशी आला.

"कॉनी, लव्ह! ब्रिलियंट! मागच्या कितीतरी महिन्यांत हे लोक असे गायले नव्हते. एव्हरी संडे, ओके? तू अशीच हळू गात राहा आणि त्यांना गाऊ दे. नो वरीज."

कॉन्स्टन्सने मान हलवली. ॲलन गेला. कारमेलिन पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आली.

"मिळाला रविवार," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका नरम. "मिळाला गो. घे, पाणी पी."

"ममी, त्यांनी मला ऐकलं का?"

"टाळ्या ऐकल्या नाहीस?"

"त्या त्यांनी स्वतःला वाजवल्या." कॉन्स्टन्सने ग्लास घेतला नाही. "मी पुन्हा खालचीच झाले. आधी दोघींच्या खाली, आता दोनशे माणसांच्या."

"पोरी, वेडेपणा करू नकोस. हातात आलंय ते धर. दर रविवारी झगा घालायला मिळेल, आणखी काय हवंय?"

पण कॉन्स्टन्स वळलीच होती. लॉटरीचा ट्रे एका टक्कलवाल्याला लागला, लोक हसत होते, आणि ती माईकपाशी जाऊन इंग्रजीत म्हणाली की पुढचं गाणं कृपा करून कुणी तिच्याबरोबर गाऊ नये. शेवटचं आहे. एकटीला गायचंय. लोकांना वाटलं गंमत आहे. कुणीतरी शिटी वाजवली. ती हसली नाही तेव्हा हॉल ओशाळून गप्प झाला. ती सलिलकडे वळली.

"ट्रॅक बंद कर."

"आंटी, ट्रॅकशिवाय? चाल कुठून—"

"बंद कर म्हटलं ना."

आणि ती गायली. चाल धरायचा प्रयत्नच केला नाही. सेकंड, नुसता सेकंड, पहिल्या ओळीपासून. गाणं तेच, नाचायचं, सगळ्या पार्ट्यांत वाजणारं. पण वरचा आवाज नाही, ताल नाही, हात वर करायच्या जागा नाहीत. नाचायला सगळे निघून गेलेत आणि मागे राहिलेली कुणी तेच शब्द खालच्या आवाजात म्हणतेय, असं ते झालं. जिथे कॅसँड्रा आवाज फेकायची आणि टाळ्या घ्यायची तिथे हा आवाज अर्धा सूर उतरायचा आणि तिथेच थांबायचा, जागा न सोडता. कारमेलिनने हा सेकंड स्वतः घडवला होता, सूर अन् सूर. तरी तिने तो असा एकटा कधी ऐकला नव्हता. ऐकणार कसा? तिचा कान कायम थोरलीकडे; पाडव्यालासुद्धा तो नसलेली चालच शोधत होता. तिच्या अंगावर काटा आला आणि तिला त्याचा राग आला.

लोकांना काही कळेना. पुठ्ठेवालीने पुठ्ठा खाली ठेवला. शेजारून मशिनची टिंगटिंग स्पष्ट ऐकू यायला लागली. एक माणूस बिअर आणायला उठला, मग दोघं उठले. जाड्या म्हातारीने एकदा चाल धरली, नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. कॉन्स्टन्स शेवटच्या ओळीपर्यंत गेली. एकही सूर घाईने सोडला नाही. गाणं संपलं हेच कुणाला समजलं नाही, कारण चालीचा शेवट जिथे होतो तिथे ती थांबलीच नाही. सेकंडचा शेवट जिथे होतो तिथे थांबली.

नर्सिंग होमच्या टेबलावर चार टाळ्या वाजल्या. ॲलनने "थँक यू, कॉनी" म्हणून स्पीकरवर दुसरं गाणं चालू केलं. दाराशी तो सलिलला काहीतरी सांगत होता. सलिलने मान खाली घातली. ते काय बोलणं असेल ते कारमेलिनला ऐकायची गरज नव्हती. दारावरचा कागद एका पोरीने तेवढ्यातच काढला.

पार्किंगमध्ये कॉन्स्टन्स गाडीत बसली, चावी लावली आणि फिरवलीच नाही. झग्यावर कोट घातला होता, बटणं उलटीसुलटी. समोर विटांची भिंत होती.

"गेला रविवार," कॉन्स्टन्स म्हणाली. "आता कुणीच बोलावणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही, ममी. हे एवढंच येतं." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "बोल. काय बोलायचं ते बोल एकदा. आज खोटं बोललीस तर मी ह्या गाडीतून उतरून चालायला लागेन."

कारमेलिनने पट्टा ओढून नीट लावून घेतला. पदराने नाक पुसलं.

"खोटं कशाला बोलू? हातातली भाकरी लाथाडलीस, मूर्ख आहेस," ती म्हणाली. "कुणी बोलावणार नाही, बरोबर आहे. बोलावलं तरी तू हेच गाशील आणि लोक उठून बिअर आणायला जातील. ऐकायला कठीण आहे ते. मलाही कठीण गेलं. पण ते आजवर कुणी गायलेलं नाही, आणि त्यात माझं काही नव्हतं, बापाचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. आता रडणं पुरे, गाडी काढ. माझ्या घरात गाणारी एकच होती, कॉन्स्टन्स, आणि ती तू. कॅसँड्रा नुसती पुढे उभी राहायची."